एकास सत्त्याऐंशी

तळघराची किल्ली भोपळ्याच्या मुरंब्यामागे असते,
घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी दार वाजवूनच आत जायचं.
गाडी सुटायची वेळ असू शकते.

प्लायवूडचे दोन तक्ते, खाली जुन्या पलंगाचे पाय,
वर आल्टरोडा :
अठ्ठेचाळीस घरं, एक चर्च, एक लाकडाची वखार,
आणि स्टेशन, ज्याची कौलं बाबांनी
चिमट्याने एकेक लावली.
सगळा फेब्रुवारी त्यात गेला.
झाडं म्हणजे अंगणातले वाळलेले तुरे,
डिंकात बुडवून दोरीवर उलटे टांगलेले.
आईची चहाची गाळणी खाली गेली ती गेलीच,
तिच्यातून आता रुळांची खडी चाळतात.

सगळं एकास सत्त्याऐंशी.
"माझी उंची एकशे चौऱ्याहत्तर," बाबा सांगतात,
"म्हणजे इथे मी बरोबर दोन सेंटीमीटर."
प्रत्येक पाहुण्याला सांगतात.
पण फलाटावर ते कुठेच नाहीत.
फलाटावर स्टेशनमास्तर ट्र्योगर, दुधाचे सहा कॅन,
आणि एक तपकिरी कुत्रा,
ज्याचं नाव त्यांना आठवतं, मालकाचं आठवत नाही.
घड्याळाची तबकडी रंगवून झाली,
काटे अजून काढलेले नाहीत.
कुठली वेळ, ते ठरत नाही.

आई खालच्या शहरातली.
त्यांच्या घरी नळ आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती,
तिने नळाखाली डोकंच धरलं, वेणीसकट,
असं हसत सांगते, आणि मध्येच थांबते.
ते पाणी कुठून आलं
हे तिला लग्नानंतर कळलं.

अजून तेच पाणी येतं आम्हाला.
त्याचीच कॉफी, दिवसातून चारदा.
चोथा ती ओव्हनमध्ये वाळवते, बरणीत भरते,
जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवते.
स्वतः खाली उतरत नाही.
आल्टरोडाची सगळी शेतं त्या चोथ्याची आहेत,
नुकती नांगरल्यासारखी,
जवळ गेलं की वास येतो.

आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
एक दोरी ताणलेली, गळाला लावतात तसली,
फलाटाच्या वर साडेचौतीस सेंटीमीटरवर.

"ही विजेची तार?" योरिसने विचारलं.
"नाही."
"मग?"
बाबांनी कानस बाजूला ठेवली.
"तीस मीटर," ते म्हणाले, "भागिले सत्त्याऐंशी."
माझा मुलगा सात वर्षांचा आहे.
त्याला भागाकार येत नाही. मला येतो.
धरण पुरं भरलं की
स्टेशनवर किती पाणी असतं,
तेही शाळेत पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून.

योरिस दोरीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "पण मासे कुठे आहेत?"
बाबांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला.
"दोन मिलिमीटरचे होतील," ते म्हणाले. "रंगवता येणार नाहीत."

काल रात्री पुन्हा तो तिसरा डबा,
वखारीजवळच्या वळणावर, नेहमीच्या सांध्यावर.
चष्मा कपाळावर सारून बाबा वाकले,
कानशील रुळाला टेकेपर्यंत.
दोरी त्यांच्या पाठीवर आली.
मी दारात, हातात चिरलेलं सफरचंद.
कानस चालली होती, खर्र, खर्र,
आणि तिच्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं,
वयानुसार असते ती नाकातली शीळही नाही.
मग लक्षात आलं, ते श्वास घेत नाहीत.

मी मोजू लागले. का, माहीत नाही.
हाक मारावीशी वाटली, मारली नाही.
एकोणचाळीसला डोकं वर आलं,
दोरी केसांना घासून थरथरली,
आणि तोंड उघडून त्यांनी हवा घेतली, मोठ्याने,
सत्तर वर्षांच्या माणसाने पोहायला शिकावं तशी.

"आता बसला असेल," ते म्हणाले.
गाडी सुटली, चर्च गेलं, बेकरी गेली,
तिसरा डबा वखारीजवळ घसरला.

त्यांनी तो बोटाने सरळ केला.
"उद्या," म्हणाले,
आणि सफरचंदाची फोड घेतली.